मुलींची डबल्स ‘वेळेअभावी’ रद्द करणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
गोव्यात टेबल टेनिसच्या स्पर्धा भरवणारे सगळे क्लब, मंडळं, शाळा आणि त्यांचे पदाधिकारी,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी एका स्पर्धेत मुलींची डबल्स रद्द झाली त्या दिवशी रात्रीच लिहायला बसले होते, पण रागात लिहिलं की नको ते शब्द जातात म्हणून दोन आठवडे थांबले. आता राग उतरलाय पण गोष्ट काही मनातून जात नाही, आणि तोंडी सांगितलं की "बघूया हां" म्हणून विषय तिथेच संपतो हे इतक्या वर्षांत कळून चुकलंय, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. मी कोणाचंही नाव घेणार नाही, ना त्या स्पर्धेचं ना त्या हॉलचं, कारण हे काही एकाच ठिकाणी घडलेलं नाही. ज्यांनी केलंय त्यांना वाचताना कळेलच.

आधी मी कोण ते सांगते. मी फोंड्याजवळच्या एका गावात राहते. बारावीपर्यंत टेबल टेनिस खेळले, जास्त करून डबल्सच, माझ्या मावसबहिणीबरोबर. ती डावखुरी, मी उजवी. आम्हाला शिकवायला धड कोणी नव्हतं, जे काय शिकलो ते हरून हरून शिकलो, पण शेवटची दोन वर्षं अशी होती की ती कुठे सरकणार ते मला तिच्या खांद्यावरून कळायचं. मग तिचं लग्न झालं, ती बेळगावला गेली आणि माझी बॅट कपाटात गेली. गेली सहा वर्षं आमच्या देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे धर्मशाळेत, संध्याकाळी मी गावातल्या मुलींना खेळायला घेते. फी वगैरे काही नाही. टेबल एकच आहे, जुनं, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घालावी लागते नाहीतर बॉल एका बाजूला पळतो, आणि पावसाळ्यात सादळ धरून प्लाय फुगतो तो भाग आम्हाला तोंडपाठ आहे. मधली पांढरी रेघ पुसट झाली होती ती मुलींनी पट्टी लावून पांढऱ्या नेलपॉलिशने परत आखली. तीन मिलिमीटरची असते ती रेघ. तिच्याबद्दल पुढे सांगते.

आता त्या रविवारचं सांगते.

पहाटे साडेपाचला घर सोडलं, पाऊस धो धो. फोंड्याहून पणजी, पणजीहून दुसरी कदंबा बस, मग हॉलपर्यंत चालत. बॅटा प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळलेल्या, कारण रबर ओलं झालं की दिवस गेला. बरोबर दोघी मुली. एक माझी, चौदा वर्षांची, आणि दुसरी देवळासमोर अबोलीचे वळेसर (गजरे) विकणाऱ्या बाईंची, तेरा वर्षांची, डावखुरी. तिच्या आईला रविवारी दुकान सोडून येता येत नाही, देवळात गर्दी रविवारीच असते, म्हणून ती पोर माझ्या भरवशावर पाठवते. सिंगल्समध्ये दोघी लवकर हरल्या, त्याचं काही नाही, समोरच्या मुली खरंच चांगल्या होत्या, मी दोघींना सांगितलं त्यांचे सर्व्ह नीट बघून ठेवा. पण ह्या दोघींचं सगळं लक्ष डबल्सवर. तीन वर्षं त्या एकत्र खेळतायत, एकीचा शॉट झाला की ती मागे आणि बाजूला होऊन दुसरीला वाट देते, हे पाऊल एवढं सवयीचं झालंय की देवळात प्रदक्षिणा घालतानासुद्धा दोघी तशाच एकमेकींना वाट देतात असं तिची आई हसून सांगते.

साडेबाराला माईकवर सांगितलं की वेळेअभावी मुलींची डबल्स घेता येणार नाही, एन्ट्रीपण कमी आहेत, फी काउंटरवरून परत न्यावी. बस. मुलांची डबल्स मात्र जेवणानंतर अडीचला सुरू झाली.

मी काउंटरवर गेले. तिथले गृहस्थ वाईट नव्हते, उलट गोड बोलले, "मॅडम, फी परत देतोय ना, मग प्रॉब्लेम काय?" म्हणाले आणि पांढऱ्या पाकिटात दोनशे रुपये घालून हातात दिले. मी परत आले तर डावखुरी पोर एका रिकाम्या टेबलाजवळ उभी होती आणि टेबलाच्या मधल्या रेघेवरून बोट फिरवत होती, त्या हॉलमधली टेबलं नवीन, रेघ एकदम सरळ आणि पांढरीशुभ्र. मला म्हणाली, "काकी, म्हणजे आज आम्ही खेळायचंच नाही?" मला उत्तर देता आलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, टेबलावरची ती मधली रेघ फक्त डबल्ससाठी असते. सिंगल्सला तिचा काहीच उपयोग नाही. डबल्समध्ये सर्व्ह आपल्या उजव्या अर्ध्यातून समोरच्यांच्या उजव्या अर्ध्यात, तिरका, असाच टाकावा लागतो म्हणून ती रेघ आहे. जगातल्या प्रत्येक टेबलावर डबल्सची जागा आधीपासून आखून ठेवलेली आहे, म्हणजे तुमच्या हॉलमधल्या नव्या टेबलांवरसुद्धा.

वेळेचा हिशेब मी त्याच बाकावर बसून केला. मुलींच्या पाच जोड्या होत्या. पाच जोड्यांचा नॉकआउट म्हणजे चार मॅचेस, त्याच्यावर एक नाही. पाच गेमची मॅच पूर्ण लांबली तरी त्या वयात अर्ध्या तासाच्या वर जात नाही. दोन टेबलं दिली असती तर दीड तासात बक्षीससुद्धा देऊन झालं असतं. मुलांच्या अकरा जोड्या होत्या म्हणजे दहा मॅचेस, त्या झाल्या, छान झाल्या, मी स्वतः टाळ्या वाजवल्या, त्या पोरांचा काय दोष. संध्याकाळी बक्षीस समारंभ एक तास चालला. पाहुण्यांच्या भाषणांना माझा विरोध नाही, स्पर्धेला पैसे त्यांच्याकडूनच येतात हे मला कळतं. पण वेळ नव्हता हे कारण मी मान्य करणार नाही. वेळ होता, तो मुलींच्या वाट्याला आला नाही.

आता तुम्ही म्हणाल एका तालुक्याच्या पातळीवरच्या स्पर्धेचं एवढं काय मनाला लावून घ्यायचं. म्हणून मला जरा मोठं सांगायचंय, थोडं लांबेल, पण वाचा.

बायकांची डबल्स ही काही कालची गोष्ट नाही. वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये ती १९२८ पासून आहे. ऑलिंपिकमध्ये १९८८ ला सोलमध्ये टेबल टेनिस आलं तेव्हापासून डबल्स होती, पहिलं गोल्ड साउथ कोरियाच्या जोडीने घेतलं, नंतर १९९२ आणि १९९६ ला चीनच्या देंग यापिंग आणि चियाओ होंग या दोघींनी, तीच जोडी, चार वर्षांनी परत तीच. २००४ च्या अथेन्सनंतर ऑलिंपिकमधून डबल्स काढली आणि २००८ पासून टीम इव्हेंट आणला. आता २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये बायकांची आणि पुरुषांची डबल्स परत येतेय, बायकांची आणि पुरुषांची वेगळी टीम इव्हेंट जाऊन मिक्स्ड टीम येतेय. एप्रिल २०२५ मध्ये हे जाहीर झालं. चोवीस वर्षांनी दार परत उघडतंय, आणि नेमकं त्याच वेळी आपण आपल्याकडे ते बंद करतोय.

आणि भारताच्या मुली ज्या प्रकारात जगातल्या सगळ्यात मोठ्या नावांना हरवू शकतात तो प्रकार कुठला, तर हाच. ३० सप्टेंबर २०२३ ला हांगझोच्या एशियन गेम्समध्ये सुतीर्था मुखर्जी आणि ऐहिका मुखर्जीने क्वार्टर फायनलला चेन मेंग आणि वांग यीदीला हरवलं. चीनमध्ये, चीनच्या प्रेक्षकांसमोर, त्याच वर्षी डर्बनला डबल्सचं वर्ल्ड टायटल घेतलेल्या जोडीला. ११-५, ११-५, ५-११, ११-९. तिसरा गेम गेला तेव्हा कोणालाही वाटलं असतं की आता संपलं, चौथ्यात ह्या दोघी परत उभ्या राहिल्या. सेमीफायनलला नॉर्थ कोरियाच्या जोडीशी सात गेम खेळून हरल्या आणि ब्राँझ मिळालं, एशियन गेम्समध्ये बायकांच्या डबल्सचं भारताचं पहिलं मेडल. त्याच्या आधी जूनमध्ये ट्युनिसची कंटेंडर ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा त्यांनी जिंकली होती. २०२४ ला अस्तानाला एशियन चॅम्पियनशिपमध्ये परत ब्राँझ, तेही बायकांच्या डबल्समधलं आपलं पहिलं.

ह्या दोघी कुठल्या? पश्चिम बंगालमधल्या नैहाटीच्या. एकाच गावच्या, लहानपणी एकाच कोचकडे शिकलेल्या. आडनाव एक आहे पण बहिणी नाहीत. ऐहिका अँटी-स्पिन रबराने खेळते, त्या रबरावरून बॉल मेल्यासारखा येतो, समोरची गोंधळते आणि बॉल उचलून देते, आणि तो बॉल मारायला दुसरी तयार उभी असते. ती तिथे आधीच उभी असते हे महत्त्वाचं. हे असं उभं राहणं एका कॅम्पात शिकवता येत नाही. चीनकडे सिंगल्सच्या एकापेक्षा एक मुली आहेत, आपल्याकडे तेवढ्या नाहीत, पण वर्षानुवर्षं एकत्र खेळलेल्या दोघी आपल्याकडे असू शकतात, नैहाटीत असू शकतात तर फोंड्यात, डिचोलीत, पेडण्यात, काणकोणात का नाही?

अजून सांगते. २०१८ च्या गोल्ड कोस्ट कॉमनवेल्थला आपल्या मुलींनी सिंगापूरला हरवून टीमचं गोल्ड घेतलं, तेव्हा सगळ्यांना मनिका बत्रा आठवते आणि आठवायलाच हवी, तिने फेंग तियानवेईला हरवलं. पण त्या फायनलमध्ये स्कोअर १-१ झाल्यावर डबल्सला मौमा दास आणि आपल्या ठाण्याची मधुरिका पाटकर उतरल्या आणि ती मॅच त्यांनी काढली. ती गेली असती तर काय झालं असतं विचार करा. त्याच गेम्समध्ये मनिका आणि मौमाने डबल्सचं सिल्व्हर घेतलं. २०१० ला दिल्लीत मौमा आणि पौलमी घटकने ब्राँझ घेतलं होतं. पॅरिसला २०२४ मध्ये रोमेनियाविरुद्ध आपण ३-२ ने जिंकलो, त्यातला पहिला पॉइंट श्रीजा अकुला आणि अर्चना कामतच्या डबल्सने आणला, कारण तिथे टीम मॅचची सुरुवातच डबल्सने होत होती. म्हणजे जिथे जिथे आपल्या मुली पुढे गेल्या तिथे कुठेतरी डबल्स आहेच.

हे सगळं आमच्या अग्रशाळेतल्या मुलींना माहीत आहे. २०२३ ला ताळगावच्या श्यामाप्रसाद मुखर्जी स्टेडियममध्ये स्टार कंटेंडर झाली तेव्हा मी पाच मुलींना घेऊन गेले होते. जगातले खेळाडू आपल्या दारात आलेले, त्यासाठी ज्यांनी धडपड केली त्यांचे आभार मी आजही मानते. तिथे माझ्या मुलीला सगळ्यात जास्त काय आवडलं माहितीये? बॉलचा स्पीड नाही. सर्व्ह करायच्या आधी खेळाडू टेबलाखाली हात नेऊन पार्टनरला बोटांनी खूण करते ते. कुठला सर्व्ह टाकणार, शॉर्ट की लाँग, कुठला स्पिन. समोरच्यांना दिसत नाही, फक्त पार्टनरला दिसतं. घरी येताना कदंबात दोघींनी स्वतःच्या खुणा ठरवल्या. करंगळी म्हणजे शॉर्ट, अंगठा म्हणजे लाँग, मूठ म्हणजे "तू काही करू नको, मी बघते". ही तिसरी खूण कशासाठी ते मला अजून नीट कळलेलं नाही पण त्या दोघींना कळतं. त्या रविवारी माईकवर नाव रद्द झालं तेव्हा डावखुरीने माझ्या मुलीला मूठ दाखवली. मी बघितलं.

आता माझ्या तक्रारी, एकेक करून.

पहिली तर सांगूनच झाली. वेळ कमी पडला, हॉल लवकर सोडायचा झाला, लाईट गेली, काहीही झालं की पहिली काट मुलींच्या डबल्सवर. माझ्या डोळ्यांसमोर गेल्या तीन वर्षांत हे चार वेळा झालंय, वेगवेगळ्या ठिकाणी. कधी तर फॉर्ममध्येच हा इव्हेंट नसतो, मुलांची डबल्स असते, मिक्स्ड असते, मुलींची नाही. विचारलं की "एन्ट्री येत नाहीत". एन्ट्री येणार कशा, दर वेळी रद्द होतं म्हटल्यावर आईबाप कशाला पोरींना पहाटे उठवून पाठवतील?

दुसरी तक्रार मला सगळ्यात जास्त लागते. जोड्या फोडणं. पुढच्या पातळीवर टीम पाठवायची वेळ आली की सिंगल्समधली पहिली आणि दुसरी अशा दोघींना उचलून त्यांची डबल्सची जोडी केली जाते, आदल्या रात्री, व्हॉट्सॲपवर. दोघी उजव्या, दोघींना टेबलाची एकच बाजू आवडते, एकमेकींच्या अंगावर जातात, मॅच हरतात, आणि मग आपणच म्हणतो की आपल्या मुलींना डबल्स जमत नाही. अहो, जमणार कसं? डबल्समध्ये एकीने मारला की पुढचा दुसरीनेच मारायचा, तिथे पर्याय नाही. प्रत्येक गेमला कोणाचा बॉल कोण घेणार तो क्रम बदलतो, शेवटच्या गेमला एक जोडी पाच पॉइंटला पोचली की सर्व्ह घेणाऱ्यांनी आपसात जागा बदलायची असते. हे नियम पाठ करायला एक संध्याकाळ पुरते, अंगात भिनायला वर्षं लागतात. आणि हे सगळं एका रात्रीत, तेही मोबाईलवरच्या मेसेजने? दोन वर्षं एकत्र खेळलेली पाचव्या आणि आठव्या नंबरची जोडी पहिल्या आणि दुसऱ्या नंबरच्या नव्या जोडीला हरवू शकते, हे मी माझ्या काळात स्वतः केलंय.

तिसरं, मुलींच्या मॅचेस कडेच्या टेबलावर. दाराजवळचं, पंख्याखालचं टेबल. बॉल २.७ ग्रॅमचा असतो, दारातून वारा आला की तो कुठे जाईल सांगता येत नाही, आणि पावसाळ्यात त्याच दारातून लोक ओल्या छत्र्या घेऊन ये-जा करतात. मुलांची फायनल मधल्या टेबलावर, सगळे गोल करून बसलेले, मुलींची त्याच वेळी कोपऱ्यात चाललेली, अंपायर म्हणून एखादा मोठा मुलगा बसवलेला ज्याचं लक्ष मधल्या टेबलावर. एकदा तर सर्व्ह रेघेच्या चुकीच्या बाजूला पडला आणि त्याला कळलंच नाही, समोरच्या मुलीने स्वतः प्रामाणिकपणे सांगितलं म्हणून पॉइंट बरोबर दिला गेला. त्या मुलीचं मला आजही कौतुक वाटतं.

बक्षिसांचं मी एका वाक्यात सांगते, मुलांना कप आणि रोख, मुलींना मेडल आणि सर्टिफिकेट, हे अजून काही ठिकाणी चालतं आणि ते बंद व्हायला पाहिजे, ह्यावर चर्चा करायचीसुद्धा गरज नाही.

आणि वेळापत्रक. मुलींचे शेवटचे सामने संध्याकाळी सात-साडेसातला लावले की लांबच्या मुली आपोआप माघार घेतात. पणजीहून फोंड्याला बस मिळेल, पण फोंड्याहून आत गावात जायला रात्री काय मिळतं ते ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांना विचारा. सत्तरीतल्या, सांग्यातल्या पोरी तर येतच नाहीत. मग तुम्ही म्हणता की खेडेगावातून टॅलेंट येत नाही.

एक गोष्ट अजून, ही तुमच्या एकट्यांच्या हातातली नाही पण लक्षात राहू द्या. २०२६ च्या ग्लासगो कॉमनवेल्थ गेम्समध्ये टेबल टेनिसच नाही, खेळांची यादी दहावर आणली त्यात आपला खेळ गेला. म्हणजे जिथे आपल्या मुलींना मेडल मिळायची चांगली शक्यता असायची ती एक जागा त्या वर्षी नाही. अर्चना कामत पॅरिसनंतर चोवीसाव्या वर्षी खेळ बाजूला ठेवून शिकायला परदेशात गेली तेव्हा लोकांनी तिला खूप काही ऐकवलं, मला तिचं अजिबात चुकलं असं वाटलं नाही. ऑलिंपिकला पोचलेल्या मुलीला जर पुढचा विचार करावा लागतो तर वळेसर विकणाऱ्या बाईने आपल्या पोरीबद्दल काय विचार करायचा? एका चांगल्या रबराला दोन-अडीच हजार पडतात आणि बॅटला दोन बाजू असतात. त्या बाईने मला आजवर एकदाही विचारलं नाही की ह्यातून मिळणार काय. ती फक्त विचारते, "आज खेळली का गो ती?" त्या रविवारी मला नाही म्हणावं लागलं.

माझ्या दोघींपैकी कोणी २०२८ ला लॉस एंजेलिसला जाईल असं मी म्हणत नाहीये. मी वेडी नाही. पण गोव्यातली कुठलीतरी जोडी कधीतरी जायची असेल तर ती आज बारा-तेरा वर्षांची आहे आणि तिला आज खेळायला मिळायला हवं, आज म्हणजे ह्याच सीझनमध्ये.

तर माझ्या मागण्या अशा आहेत.

मुलांची डबल्स आहे तिथे मुलींची डबल्स असलीच पाहिजे, प्रत्येक वयोगटात. चार जोड्या आल्या तरी घ्या, तीन आल्या तर राउंड रॉबिन, म्हणजे प्रत्येकीशी प्रत्येक जोडी, असं घ्या, तीनच मॅचेस होतात. वेळ खरंच कमी पडला तर दोन्हीकडचे सामने पाचऐवजी तीन गेमचे करा, पण दोघांचे करा, एकाचं रद्द करून दुसऱ्याचं पूर्ण असं नको. आणि रद्द करायचाच झाला तर तो निर्णय कोणी घेतला ते नोटीस बोर्डावर सहीनिशी लावा.

डबल्सची निवड जोडी म्हणून करा. वर्षभरात जोडीने खेळून मिळवलेले पॉइंट धरा, आणि वेगवेगळ्या क्लबच्या दोन मुलींना एकत्र खेळायची परवानगी द्या, कारण गावात क्लबच नसतो, एकटीच मुलगी असते, तिला शेजारच्या गावची पार्टनर मिळाली तर दोघी टिकतील. एकदा जोडी निवडली की निदान दोन वर्षं तिला हात लावू नका, एक स्पर्धा हरली म्हणून फोडू नका.

मुलींची डबल्स फायनल मधल्या टेबलावर, बाजूला दुसरी मॅच न लावता, आणि शिकलेल्या अंपायरसमोर घ्या. अंपायर कमी असतील तर आमच्यासारख्या जुन्या खेळाडू बायकांना शिकवा, मी स्वतः यायला तयार आहे, अजून चौघींची नावं देऊ शकते.

बारा-पंधरा वर्षांच्या मुलींचे सामने संध्याकाळी पाचच्या आत संपतील असं वेळापत्रक लावा. बक्षीस सारखं ठेवा.

आणि ज्यांच्याकडे हॉल आणि चार टेबलं आहेत त्यांनी आठवड्यातला एक तास फक्त डबल्ससाठी ठेवावा, उरलेल्या वेळात "चला आता मजा म्हणून डबल्स खेळा" असं नको. आमच्याकडे एक टेबल आहे तरी आम्ही मंगळवार आणि शुक्रवार डबल्सच खेळतो. सहा मुली असतात, दोघी बाहेर बसून मोजतात. तुमच्याकडे तर सगळंच आहे.

ह्यातल्या एकाही गोष्टीला सरकारी ग्रँट लागत नाही, नवीन स्टेडियम लागत नाही. मी पैसे मागत नाहीये.

येत्या महिन्यात तुमच्यापैकी कोणाकोणाच्या स्पर्धा आहेत त्यांचे फॉर्म चतुर्थीच्या आधी निघतात असा आजवरचा अनुभव आहे. त्या फॉर्मवर मुलींच्या डबल्सची चौकट असावी एवढं आत्ताच बघा. माझ्याशी बोलायचं असेल तर अग्रशाळेत या, संध्याकाळी साडेपाच ते साडेसात आम्ही तिथेच असतो, चहा मिळेल. मुली खेळताना बघितल्यात तर मला एवढं सांगावंही लागणार नाही.

ते दोनशे रुपयांचं पाकीट मी उघडलेलं नाही. बॅटांच्या पिशवीत तसंच ठेवलंय. तुमची एन्ट्री उघडली की मुलींच्या डबल्सची फी म्हणून तेच पाकीट काउंटरवर देईन.

आपली,
फोंडा तालुक्यातली एक जुनी डबल्स खेळाडू आणि एका खेळाडूची आई